कोणत्या घरी पाहुणं राहायचं?

टोरोंटोच्या पश्चिमेला मिसिसागा, ब्रँप्टन, ओकव्हिल या पट्ट्यातल्या मराठी घरांत एक वाद हटकून होतो. कॅनडात येऊन काही वर्षं झालेली असतात, पीआर कार्ड हातात असतं, घराचे हप्ते चालू असतात, मुलं शाळेत रुळलेली असतात. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा की नाही? पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी, आणि त्या पायरीवर पाय ठेवला की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. आपल्या राज्यघटनेचं ९ वं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनी याबाबतीत कसलीही पळवाट ठेवलेली नाही.

दोन्ही बाजू मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्या समोरासमोर बसवून लिहाव्यात असं वाटलं. बोलणारे दोघं मामा आणि भाची आहेत. मामा कराडकडचे, साठीला टेकलेले, वीसेक वर्षं पीआरवरच; नागरिकत्व घेतलेलं नाही आणि घ्यायचंही नाही. भाची पुण्याहून शिकायला आली, इथेच नोकरीला लागली, लग्न इथेच झालं, लेकही इथेच झाली. तिचा अर्ज भरून तयार आहे, पाठवायचा तेवढा राहिलाय. माणसं माझ्या मनातली आहेत, मुद्दे मात्र खऱ्या घरांतले.

मामा: पाठवलास का गं अर्ज?

भाची: अजून नाही. दिवस पुन्हा एकदा मोजतेय. अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात असावे लागतात. आईच्या ऑपरेशनला पुण्याला गेले होते ते दिवस वजा. पीआर मिळण्याआधीचे, वर्क परमिटवरचे दिवस धरतात, पण अर्धे. एक दिवस कमी पडला तरी अर्ज परत येईल, म्हणून पासपोर्टावरचे शिक्के बघून बघून मांडणी करतेय.

मामा: आणि हे सगळं कशासाठी? पासपोर्टासाठी?

भाची: पासपोर्ट हे कारण आहेच, नाही कशाला म्हणू? आमच्या कंपनीचं बरंच काम बफेलोला असतं. गाडीनं दोन तासांच्या आत. बरोबरचे लोक सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात, आणि मी अमेरिकेच्या व्हिसाची तारीख कधी मिळते याची वाट बघत बसते.

मामा: मग सोयीचाच प्रश्न झाला. सोयीसाठी माणसानं गाडी बदलावी, घर बदलावं. देश बदलू नये.

मामांचं हे म्हणणं मला मान्य आहे. पासपोर्टाचं कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि तेच सगळ्यात लेचंपेचं आहे. पण सोय बघणाऱ्यांना देशद्रोही ठरवण्याची जी घाई आपल्याकडे होते, तीही मला पटत नाही. संसदेत सरकारनं दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. एवढ्या लोकांना आपल्या मातीचं काही वाटत नाही, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. बहुतेकांपुढे दोन्ही ठेवायचा पर्यायच नसतो. कॅनडा दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो, भारत घेत नाही.

भाची: मामा, सोय बाजूला ठेवू. तुमची खरी अडचण काय आहे ते सांगा.

मामा: शपथ. शपथेत काय म्हणावं लागतं ते वाचलंयस ना? राजे चार्ल्स तिसरे, कॅनडाचे राजे, यांच्याशी आणि त्यांच्या वारसांशी मी एकनिष्ठ राहीन. तुझे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, बेचाळीसच्या चळवळीत होते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तेव्हा भूमिगतांना भाकरी पोचवायला आमच्याच घरातली माणसं रात्री रानातनं जायची. शेणोलीला इंग्रजांची पगाराची गाडी लुटली त्याच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. आणि मी इथे हात वर करून त्याच गादीच्या वारसाला निष्ठा वाहू?

भाची: ते कॅनडाचे राजे म्हणून, इंग्लंडचे म्हणून नाही.

मामा: माणूस तोच, मुकुट तोच.

भाची: पण इथल्या कोर्टानंच या शपथेचा अर्थ लावलाय. तुमच्यासारख्याच तिघा पीआरधारकांनी ही शपथ कोर्टात नेली होती. एक जण आयरिश, एक जमैकाच्या बाई, एक इस्रायलचे गणिताचे प्राध्यापक. २०१४ मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टानं निकाल दिला की शपथेतली तेव्हाची राणी म्हणजे एक व्यक्ती नव्हे, ही इथल्या घटनात्मक राज्यपद्धतीला वाहिलेली निष्ठा आहे. आणि शपथ घेतल्यावर राजेशाहीविरुद्ध बोलायला तुम्ही मोकळे आहात. त्या प्राध्यापकांनी पुढच्या वर्षी शपथ घेतली आणि राणीबद्दलचा भाग आपल्याला मान्य नाही असं लगेच जाहीरही केलं. त्यांचं नागरिकत्व कुणी काढून घेतलं नाही.

मामा: त्यांचं त्यांना लखलाभ. मला तोंडानं एक म्हणायचं आणि दाराबाहेर येऊन ते नाकारायचं, हे जमणार नाही. म्हणायचं तर मनापासून, नाहीतर म्हणायचंच नाही.

भाची: हे मात्र मला मान्य आहे. पण त्याच शपथेत आता आणखी काय आहे ते तुम्ही सोडून देताय. २०२१ मध्ये ती बदलली. इथले मूळ रहिवासी, फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी, यांचे हक्क आणि त्यांच्याशी झालेल्या तहांतले हक्क मान्य करणारी राज्यघटना पाळेन, असं आता म्हणावं लागतं. ज्यांची जमीन गेली त्यांचं नाव शपथेत घेणारे देश किती असतील? ते वाक्य मला मनापासून म्हणायचंय. राजाचं वाक्य मी कायदा म्हणून म्हणेन.

मामा: राजाची गोष्ट निघालीच आहे तर कोमागाता मारूही आठव. १९१४ साली ३७६ माणसं घेऊन ती बोट व्हँकूव्हरला आली. सगळे त्याच राजाचे प्रजाजन. कागदावर त्यांचा आणि गोऱ्यांचा राजा एकच होता. दोन महिने बंदरात ताटकळत ठेवलं आणि हाकलून दिलं. २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, शंभर वर्षांनी. त्या राजाशी एकनिष्ठ राहून त्यांच्या पदरात काय पडलं?

भाची: मामा, तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे. त्यांच्याकडे राजा होता, मत नव्हतं. ब्रिटिश कोलंबियानं भारतीयांचा मतदानाचा हक्क १९०७ मध्येच काढून घेतला होता. तो १९४७ मध्ये परत मिळाला. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी माणसांनी त्यासाठी अर्ज केले, शिष्टमंडळं नेली, पैसे गोळा केले. त्यांना जे मागून मिळत नव्हतं, ते मला एक अर्ज आणि सहाशे-साडेसहाशे डॉलर फी भरून मिळतंय. आणि मी ते घेऊ नये?

इथे मला थांबून एक सांगावंसं वाटतं. मराठी मंडळी कॅनडात बहुतांशी नंतर आली, शिकून-सवरून, गुणांकनाच्या पद्धतीतून. ज्या वाटेवरून आपण आरामात चालत आलो, ती वाट कुणी तोडून काढली, याची जाणीव आपल्यात कमी आहे. कोमागाता मारूचा उल्लेख आपण तक्रार म्हणून करतो. भाचीनं त्याकडे हक्काचा इतिहास म्हणून पाहिलं, आणि मला वाटतं तेच पाहणं बरोबर आहे.

मामा: मतदानाचं म्हणशील तर माझं मत भारतात आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीनं ते मिळालंय.

भाची: आहे ना. पण ते द्यायला मतदान केंद्रावर स्वतः जावं लागतं. ७ मे २०२४ ला साताऱ्यात लोकसभेचं मतदान होतं. तुम्ही कुठे होतात?

मामा: इथे. रजा नव्हती.

भाची: तुम्ही एकटे नाही. त्या निवडणुकीत देशभरात एक लाखाहून जास्त परदेशस्थ मतदारांची नोंद होती, आणि प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांहूनही कमी लोकांनी. आणि २८ एप्रिल २०२५ ला इथे मतदान झालं, तेव्हा आपण दोघंही घरात टीव्हीसमोर. आदल्या ऑक्टोबरात सरकारनं नव्या पीआरचं वर्षाचं लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणलं. आपल्या बंडूदादाचा मुलगा वर्क परमिटवर लटकलाय तो त्यामुळेच. ज्या धोरणाचा फटका आपल्याच माणसाला बसतो, त्यावर आपलं मत शून्य.

मामा: म्हणजे तू बंडूच्या पोरासाठी नागरिक होणार?

भाची: माझ्या लेकीसाठी. तिच्या शाळेचे ट्रस्टी कोण असावेत, बस कुठून जावी, वाचनालय किती वाजेपर्यंत उघडं असावं, हे पालिकेच्या निवडणुकीत ठरतं. कर मी भरते, घरपट्टी मी भरते. ती कॅनडात जन्मली म्हणून जन्मतःच नागरिक आहे. मुंबईच्या विमानतळावर उतरलो की मी भारतीय पासपोर्टाच्या रांगेत आणि ती परदेशी लोकांच्या. मग कुणीतरी अधिकारी दया येऊन म्हणतो, या बाई, दोघी एकत्रच या.

मामा: मग नागरिक झालीस की दोघी परदेशी रांगेत. हेच हवंय तुला?

भाची: हवंय असं नाही. ती किंमत आहे, आणि ती किती ते मला माहीत आहे.

मामा: माहीत नाही तुला. ओसीआय कार्ड, म्हणजे नागरिकत्व सोडलेल्या भारतीयांना भारत देतो ते कार्ड, मिळालं की सगळं जागच्या जागी राहतं, असं तुम्हा पोरांना वाटतं. त्या कार्डावर मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२१ च्या मार्चमध्ये अधिसूचना आली: पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण, यासाठी ओसीआयवाल्यानं वेगळी परवानगी घ्यायची. सह्याद्रीत वाढलेल्या माणसानं डोंगर चढायला परवानगी मागायची! २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरी कार्ड रद्द होऊ शकतं. नुसतं आरोपपत्र. म्हणजे आपल्याच गावात आपण परवानगीनं राहणार.

भाची: खरं आहे. पण शेतजमिनीचं तुमचं अर्धंच बरोबर आहे. परदेशी राहणारे भारतीय नागरिक म्हणून आजही तुम्हाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि वारसानं आलेली राहतेच, ओसीआयलाही. सातबाऱ्यावरचं नाव शपथ घेतल्यानं पुसलं जात नाही. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, तो नियम दोघांनाही सारखाच.

मामा: बरं, जमिनीचं राहू दे. सप्टेंबर २०२३ विसरलीस? दोन सरकारांचं भांडण झालं आणि भारतानं कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा बंद केले. ओसीआय काढायचं राहून गेलेली आपली किती माणसं अडकली. कुणाचं लग्न होतं, कुणाचे वडील दवाखान्यात होते. भारतीय पासपोर्ट असणाऱ्या मला कुणी अडवू शकलं नसतं.

भाची: म्हणून तर आधी ठरवून घेतलंय. शपथ, मग कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. या सगळ्यात काही महिने जातात. त्या काळात आई आजारी पडली तर तातडीचा व्हिसा काढावा लागेल. ती भीती आहे माझ्या पोटात. मी ती लपवत नाही.

अर्ज करणाऱ्यांनी हा मधला काळ नीट समजून घ्यायला हवा. शपथ घेतल्या क्षणापासून भारतीय पासपोर्टावर प्रवास करणं गुन्हा आहे, त्यावर मुदत शिल्लक असली तरी. पासपोर्ट जमा केला की रद्दचा शिक्का बसून तो परत येतो. शपथविधी ऑनलाइन असेल तर पीआर कार्ड कॅमेऱ्यासमोर कात्रीनं कापायला सांगतात. एका हातात कापलेलं कार्ड, दुसऱ्या हातात आता वापरता न येणारा भारतीय पासपोर्ट, आणि नवा अजून यायचाय. घरात वयस्कर आई-वडील असतील तर त्या दिवसांचा विचार अर्ज पाठवतानाच करावा.

भाची: पण मामा, परवानगीनं राहणं म्हणालात ना, तर तुम्ही इथे कसे राहता? पीआरवर पाच वर्षांत निदान ७३० दिवस इथे असलंच पाहिजे. डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली, आणि त्यामुळे तो पीआरधारकासाठी गंभीर गुन्हा ठरतो. एका रात्रीच्या चुकीनं पीआर जाऊ शकतो.

मामा: मी दारूला शिवत नाही.

भाची: प्रश्न तुमच्या दारूचा नाही. कायदा बदलला तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही, हा आहे. दोन घरांपैकी एका घरी आपल्याला पाहुणं म्हणूनच राहायला लागणार. तुम्ही इथे पाहुणे, मी तिथे होईन. दोन्हीकडे घरचं होऊन राहायची सोय आपल्या कायद्यात नाही. मग कुठे पाहुणं राहणं झेपेल, एवढंच आपल्या हातात उरतं.

मामा: मला इथे पाहुणं राहणं झेपतं.

भाची: आजीचं काय?

मामा: तिचं काय?

भाची: आजी पंच्याऐंशीची आहे. तुम्ही दर वेळी दोन-तीन महिने जाता आणि दिवस मोजत परत येता. उद्या तिला सतत कुणीतरी जवळ लागलं, तीन-साडेतीन वर्षं, तर ७३० दिवसांचं काय करणार? नागरिक असाल आणि ओसीआय असेल, तर कितीही वर्षं गावी राहा, इथला हक्क कुठे जात नाही. म्हणजे कॅनडाचं नागरिकत्व घेतलंत तर आजीपाशी जास्त राहता येईल. आणि पंचावन्न ओलांडलेल्यांना परीक्षाही नाही, भाषेचा पुरावाही नाही. मला वीस प्रश्नांत पंधरा बरोबर यायला हवेत, तुम्हाला तेही नको.

मामा: हिशेब बरोबर आहे तुझा. पण तो परत येणाऱ्याचा हिशेब आहे. आईपाशी गेलो तर मी परत यायचा नाही. घराचं छप्पर नवं केलंय, विहिरीचा गाळ काढलाय, ते उगीच नाही. दोन वर्षांत निवृत्त होतो. पुढच्या वेळी कराडला मतदान होईल तेव्हा मी रांगेत असेन. मला परतीच्या तिकिटाची सोय नकोय, तिथला नागरिक म्हणून मरायचंय.

भाची: आणि दादा? तो तर कॅनेडियन आहे.

मामा: त्याचा देश त्यानं निवडला. त्याच्याकडे मी पाहुणा म्हणून येईन, व्हिसा काढून येईन. मुलाच्या घरी जायला मला लाज नाही.

या वादात माझं मत कुणाकडे झुकतं ते उघड सांगते. मामांचा नकार मला मान्य आहे, कारण त्यामागे छप्पर आहे, विहीर आहे, जायचं साल ठरलेलं आहे. पण मामांचंच वाक्य, ‘मी परत जाणारच आहे’, मी अशा कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय ज्यांनी गावचं घर विकून टाकलंय, ज्यांची नातवंडं इथे बालवाडीत आहेत आणि ज्यांचं जायचं साल दर दिवाळीला एकेक वर्षानं पुढे सरकतं. ते तिथे मत द्यायला जात नाहीत आणि इथे त्यांना मत नाही. वीस-वीस वर्षं दोन्ही लोकशाह्यांच्या बाहेर राहून, शाळा बंद झाली, बस बंद झाली, व्हिसाचे नियम कडक झाले, म्हणून घरात बसून चिडायचं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. जिथे मुलं वाढवायची तिथे घरचं व्हावं आणि जिथे वर्षातून एकदा जायचं तिथे पाहुणेपण सोसावं, असं माझं मत आहे. ते सोसणं हलकं नाही. भारतानं आपल्या माणसांना दुहेरी नागरिकत्व द्यावं, असंही मला मनापासून वाटतं, आणि ही मागणी आपण सोडू नये.

भाची: मामा, २६ ऑक्टोबर २०२६ ला ओंटारिओत पालिकेच्या निवडणुका आहेत. तोवर माझं होईल का?

मामा: सांगता येत नाही. लोकांचं कधी लवकर होतं, कधी रखडतं. आज पाठवला नाहीस तर मात्र नक्की होणार नाही.

भाची: तुम्हीच सांगताय पाठवायला?

मामा: मी माझ्यापुरतं नाही म्हणतो, तुझ्यापुरतं नाही. तुझी पोर इथली आहे, तू इथली हो. ट्रस्टीच्या निवडणुकीत कोण उभं आहे ते वाचून मत दे, ओळखीचं आडनाव दिसलं म्हणून देऊ नकोस. आणि ताईला आज रात्री फोन करून सांग. तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

भाची: आई रडेल.

मामा: रडेल. मी बोलेन तिच्याशी. तू तोवर दिवस मोज, मार्चमधली ती फेरी धरायची राहिलीय बघ तुझ्या यादीत.